शीट-विंच बदलल्यावर: मांडवीतल्या २८ फुटी बोटीवरचा एक हंगाम

शीट म्हणजे शीड आत ओढायची दोरी, आणि ती ओढायचं हँडलचं यंत्र म्हणजे विंच. जुने विंच काढून नवे सेल्फ-टेलिंग (म्हणजे दोरीचं टोक स्वतःच धरून ठेवणारे), टू-स्पीड विंच बसवले, त्याला आता अख्खा हंगाम झाला. चवथीनंतर समुद्र निवळला तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ते भरपूर वापरले. बोट फायबरग्लासची, चाळिशी ओलांडलेली, ब्रिटोणच्या बाजूला नांगरलेली असते. चालवणारे दोघंच, मी आणि बायको. चार-पाच दणकट पोरं सोबतीला असती, तर मी हा खर्च केलाच नसता.

जुने विंच सिंगल-स्पीड, आत गिअर नावालाही नाही. हँडल एक फेरा फिरवा, ड्रमही (ज्याच्यावर दोरीचे वेढे घ्यायचे तो दंडगोल) एकच फेरा फिरतो. अशा विंचची ताकद काढायला हँडलची लांबी भागिले ड्रमची त्रिज्या. दहा इंची म्हणजे २५४ मिमीचं हँडल, त्रिज्या ३० मिमी, तर जेमतेम साडेआठ पट. आता शिडाचा ताण बघा. जेनोआच्या, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाच्या, शीटवरचा ताण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. विंच निवडताना वापरतात ते सूत्र असं: शिडाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, गुणिले ०.००४३१, उत्तर पौंडांत. आमचा जेनोआ २१५ चौरस फुटांचा. १५ नॉटला ताण साधारण ९५ किलो, २० नॉटला १६८. वारा एक तृतीयांश वाढला तर ताण पाऊण पटीने वाढला! आणि हा वारा बोटीवर जाणवणारा धरायचा. वाऱ्यावर चढत जाताना खऱ्या वाऱ्यात बोटीच्या वेगाची भर पडतेच. १६८ ला साडेआठने भागा: हँडलवर २० किलो, घर्षण वेगळं. तेही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात दोरीचं टोक.

गोव्यात हे रोजचंच आहे. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो. आग्वादच्या बाहेर पडून शापोरा, तेरेखोल, वेंगुर्ल्याकडे जायचं तर वारा नाकासमोर. आग्वाद आणि काबो या भूशिरांच्या मधल्या पाण्यात टॅकवर टॅक मारत, म्हणजे वाऱ्याला तिरकं जात आणि दर वळणाला शिडाची बाजू बदलत, बाहेर निघायचं, त्यात ओहोटी असली तर नदीच्या मुखाजवळ आखूड, उभ्या लाटा. दर टॅकला शीट सोडा, दुसऱ्या बाजूची ओढा, मग शेवटचा हातभर भाग विंचवर घ्या. तो शेवटचा हातभरच जीव काढायचा. शीड पुरतं आत येण्याआधी बोट वेग पकडायची, ताण वाढायचा, आणि जुन्या, झिजून आरशासारख्या झालेल्या ड्रमवर पाच वेढे मारूनही दोरी सरकायची.

नव्या विंचचा साइझ ३०. हा आकडा म्हणजे ढोबळमानाने ताकदीचं गुणोत्तर. ड्रमची त्रिज्या ३६ मिमी धरली तर हँडलमुळे सात पट, त्यावर हळू गतीचा गिअर सव्वाचारच्या आसपास, म्हणजे तीस. तोच १६८ किलोचा ताण हँडलवर साडेपाच-सहा किलोंवर येतो. आधी एका दिशेने फिरवून ढिली दोरी भरभर गोळा करायची, जड वाटू लागलं की हँडल उलट फिरवायचं. गिअर आपोआप बदलतो, ड्रम मात्र त्याच दिशेने फिरत राहतो. मला वाटलं होतं की ताकदीचाच फरक जाणवेल. तो जाणवलाच, पण खरी कमाई मोकळ्या झालेल्या हाताची आहे. वरच्या दातेरी खोबणीत दोरी बसली की टोक धरायला माणूस लागत नाही. बायकोचा उजवा खांदा गेली दोन वर्षं कुरकुरतो; पूर्वी टॅकला ती सुकाणावर आणि मी विंचवर, अशी वाटणी ठरलेली. आता ती विंचवर बसते आणि मला बजावते, "तू फक्त पुढे बघ, जाळी आहेत." खरंच असतात. मासेमारीच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे लाटांत दिसेपर्यंत जवळ आलेले असतात. सुकाणावरच्या माणसाचं लक्ष विंचकडे न जाणं यालाच मी सर्वांत जास्त गुण देईन.

काही गोष्टी मात्र पटल्या नाहीत. नव्या ड्रमचा पृष्ठभाग इतका खरखरीत असतो की तीन वेढे पुरतात, पण तोच खरखरीतपणा दोरीचं आवरण खातो. आमच्या १० मिमीच्या शीटला नेमक्या वेढ्याच्या जागी लव फुटली आहे. दुसरं, झोताचा वारा आला आणि शीट झटकन सोडायची असली, तर आधी खोबणीतून काढा, मग वेढे सोडा, यात एक पायरी वाढते. जोराच्या वाऱ्यात आम्ही दोरी खोबणीत अडकवतच नाही, हातात धरतो. टॅकच्या आधीही ती काढून ठेवायची सवय लावावी लागते. आणि सुरुवातीलाच सगळे वेढे घालू नका. आधी दोन, ताण आला की तिसरा-चौथा. नाहीतर वेढ्यावर वेढा चढतो आणि शिडाने ताणलेली ती गाठ सोडवणं हा वेगळाच कार्यक्रम. काळ्या अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा ड्रम स्वस्त आणि हलका म्हणून घेतला. एप्रिलच्या दुपारी उघडा हात लावून बघा, चटकाच बसेल. साधं कापडी कव्हर शिवून घेतलं. क्रोम केलेला ब्राँझ दिसायला देखणा, पण महाग आणि वजनदार.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे इथेच वाया जातात. नव्या विंचचा तळ मोठा, जुनी भोकं जुळत नाहीत. जुनी भोकं इपॉक्सीने भरून नवी पाडली. आतल्या बाजूने फायबरग्लासची जाड पट्टी लावली. गोव्यात बोटी बांधणाऱ्यांकडे असे तुकडे सहज मिळतात. या किनाऱ्यावर फायबरग्लासचं काम जाणणारी माणसं पुष्कळ. नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची बोट दिवाडी बेटावरच्याच यार्डात बांधून २००९ साली पाण्यात उतरली. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टीलचे, पण ते अ‍ॅल्युमिनियमच्या तळात जात असतील तर मधे गंजरोधक पेस्ट हवीच. खाऱ्या दमट हवेत स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन जातं. सीलंट लावताना तळातली पाणी निघायची भोकं बुजवू नका. दोरी ड्रमवर थोडी खालून वर चढत आली पाहिजे, नाहीतर वेढे एकमेकांवर चढतात. गिअर ताणाच्या कुठल्या बाजूला यावा हे विंचच्या पुस्तिकेत चित्र काढून दिलेलं असतं, आणि दोरी खोबणीतून बाहेर काढणारा हात असा वळवायचा की टोक कॉकपिटमध्येच पडेल. भोकं पाडायच्या आधी विंच नुसता ठेवून हँडल पूर्ण फिरवून बघा. रेलिंगला आपटतं की नाही ते तेव्हाच कळतं.

हँडल दहा इंचीच घ्या. आठ इंची घेतलंत तर तीसचा विंच चोवीसचा होतो. शिवाय लॉक असलेलं घ्या, म्हणजे ते विंचमधून निसटून पाण्यात पडत नाही; मांडवीचा तळ हँडलांनी भरलेला असणार याची मला खात्री आहे.

देखभालीला खरं तर फार वेळ लागत नाही, पण ती टाळता येत नाही. दर फेरीनंतर गोडं पाणी ओतायचं. हंगामाच्या मध्यावर आणि पावसाळ्यात बोट ताडपत्रीखाली जाण्याआधी विंच उघडायचे. मार्च-एप्रिलमधली तांबडी धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून त्याची पेस्ट होते. ती डिझेलने धुवायची. गिअर आणि बेअरिंगला पातळ ग्रीस, आणि पॉलना, म्हणजे आतल्या स्प्रिंगवरच्या खटक्यांना, फक्त तेलाचा थेंब. इथे ग्रीस भरलं की खटके चिकटतात आणि एखाद दिवशी भाराखाली विंच उलटा फिरतो, हँडलसकट. मनगट मोडायला तेवढं पुरतं. उघडताना खाली मोठा टॉवेल पसरा, स्प्रिंग उडतात.

खर्च? कस्टम आणि जीएसटी धरून जोडी अडीच-तीन लाखांत गेली. वर्षात चार वेळा बोट काढणाऱ्याने, किंवा २४ फुटांखालची बोट असणाऱ्याने एवढ्यात पडू नये. जुना विंच धड असेल तर त्याच्यावर बसणारी रबराची टोपी मिळते, ती दोरीचं टोक धरून ठेवते. हलक्या वाऱ्यात काम भागतं, उन्हाने मात्र रबर चिरतं. मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) हॅल्यार्डचा, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीचा, जुना विंच आम्ही तसाच ठेवला आहे. तो दिवसातून एकदा लागतो, त्याला काय सेल्फ-टेलिंग करायचं!

मागवताना पॉल आणि स्प्रिंगचे दोन जादा संच त्याच पार्सलमध्ये घ्या. नंतर बाहेरून एक स्प्रिंग मागवलीत तर कुरिअरचे पैसे स्प्रिंगच्या कित्येक पट, आणि हंगाम संपत आला तरी ती कस्टममध्येच.