सेकंडहँड गाडीचा कोमट हीटर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंजिन, गिअर, ब्रेक यांबद्दल फार लिहीत नाही. या वयाची गाडी जशी चालायला हवी तशी ही चालते. सस्पेन्शन खड्ड्यात थोडं वाजतं, ते मी चालवून घेतो. लिहायला बसलोय ते हीटरमुळे. नॉब लाल टोकापर्यंत फिरवला तरी व्हेंटमधून येणारी हवा जेमतेम कोमट, पायाशी गारठा, आणि पहाटे निघालं की समोरच्या काचेवर आतून धरलेलं बाष्प जाता जात नाही. हीटर म्हणजे चैन असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा एका हाताने काच पुसत गाडी चालवून बघावी.

वर्कशॉपमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार होतं. "हीटर कोअर गेलाय साहेब, डॅशबोर्ड उतरवावा लागेल." कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसलेला छोटा रेडिएटर. खरा खर्च त्या सुट्या भागाचा नाही, तिथवर पोचण्याच्या मजुरीचा. शिवाय एकदा उतरवलेला जुना डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा घट्ट बसेल याची खात्री कोणी देत नाही. मला राग खर्चाचा आला नाही, न तपासता सांगितल्याचा आला. दोन पाइपांना हात लावून बघायला मिनिटही लागत नाही, तेवढंही कोणी केलं नव्हतं. गाडी तशीच परत आणली.

हे दोन पाइप प्रत्येकाने आपल्या गाडीत शोधून ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. इंजिनाच्या मागच्या बाजूने ते फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आत जातात. एकातून गरम कूलंट, म्हणजे इंजिनाला गार ठेवणारं द्रव, कोअरमध्ये जातं, दुसऱ्यातून परत येतं. हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही, इंजिनाची वाया जाणारी उष्णता तेवढी केबिनमध्ये आणतो. म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर, हीटर फुल ठेवून, पंखा आणि पट्ट्यापासून हात सांभाळत दोन्ही पाइप चाचपायचे. दोन्ही कडक गरम आणि हवा मात्र गार, तर कूलंट पोचतंय; दोष आतल्या हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा किंवा त्याच्या मोटरचा. डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येत असेल तर संशय आणखी पक्का. एक गरम आणि दुसरा कोमट, तर कोअर तुंबलाय. दोन्ही कोमट, तर कूलंट कमी आहे, त्याच्या वाटेत हवा अडकली आहे, काही गाड्यांत पाइपवर व्हॉल्व्ह असतो तो उघडत नाही, नाहीतर मुळात इंजिनच तापत नाहीये.

माझे दोन्ही कोमट होते. डॅशवरचा तापमानाचा काटा मध्याच्या किंचित खाली असायचा, पण काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी काटा मध्यावरच राहील अशी सोय केलेली असते. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटला, साधा स्कॅनर लावला तेव्हा खरा आकडा दिसला. मोकळ्या रस्त्यावर कूलंट ७० अंशांपर्यंतही पोचत नव्हतं. चढावर वाढायचं, उतारावर पुन्हा घसरायचं. म्हणजे थर्मोस्टॅट, कूलंट तापल्यावरच त्याला मोठ्या रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडाच अडकलेला. नवा बसवला. जुना हातात घेऊन उजेडासमोर धरला तर झडपेच्या कडेने उजेडाची बारीक चंद्रकोर दिसत होती. थंड असताना तिथे फट असताच कामा नये. त्याच्या कडेवर ८८ आकडा कोरलेला होता. तेवढ्या अंशांना उघडायला लागणारी झडप कायम उघडी, म्हणून कूलंट सुरुवातीपासूनच मोठ्या रेडिएटरमध्ये जाऊन गार होत होतं. इंजिन थंड राहिलं की पेट्रोलही जास्त पितं. नंतर मायलेज थोडं सुधारलं, आणि माझ्या लेखी नव्या थर्मोस्टॅटचे पैसे तिथेच वसूल झाले.

थर्मोस्टॅट बदलल्यावर लगेच लिहिलं असतं तर हा अनुभव इथे संपला असता. पण मत बदलावं लागलं. धावत्या गाडीत हवा चांगली गरम, सिग्नलला थांबलं की पुन्हा कोमट. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबून धरला की परत ऊब. हे लक्षण कमी कूलंटचं, अडकलेल्या हवेचं किंवा थकलेल्या वॉटर पंपाचं असतं. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाजही यायचा, म्हणून आधी हवा काढायचं ठरवलं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं. गरम असताना ते कधीच उघडू नये, दाबाखालचं उकळतं कूलंट अंगावर येतं. झाकणाच्या खालच्या बाजूला तपकिरी चिकट थर होता. आधीच्या मालकाने कूलंटमध्ये काय काय मिसळलं असेल ते झाकणच सांगत होतं. गाडीचं नाक चढाकडे करून, हीटर फुल ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहिलो. खळखळ गेली. सिग्नलला हवा सुधारली, पण हवी तेवढी नाही.

पाइप पुन्हा चाचपले. आता आत जाणारा हातात धरवत नव्हता आणि परत येणारा जेमतेम कोमट. दोघांत थोडा फरक असतोच, इतका नसतो. म्हणजे कोअरमध्येही खोट होतीच, वर्कशॉपचं तेवढं बरोबर निघालं. पण तुंबलेला कोअर आणि गेलेला कोअर यांत फरक आहे. गेलेला म्हणजे गळका: पायाशी ओल, केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर चिकट वाफ. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, मग बदलायचा कशाला?

इंजिन थंड असताना दोन्ही पाइप सोडले आणि परतीच्या नळीतून उलट दिशेने साधं पाणी सोडलं. दाब अगदी कमी ठेवला, कारण जुन्या कोअरचे जोड जोरदार दाबाने फुटतात. आधी काहीच आलं नाही, मग थेंब थेंब, आणि मग एकदम गंजाच्या रंगाचा गाळ, त्यात बारीक खपल्या. पाणी नितळ येईपर्यंत दोन्ही दिशांनी आलटून पालटून धुतलं. निघालेलं कूलंट डब्यात धरा, जमिनीवर सोडू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. नवं भरताना रंग बघून निवडू नका, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या. विसंगत कूलंट एकत्र आली की त्यांचा गाळ धरू शकतो.

मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचला. आधी तो तिशीत रेंगाळायचा, आता गाडी उभी असतानाही ५५ च्या पुढे जातो. केबिन फिल्टरही बदलला. त्याने हवा अधिक गरम होत नाही, पण झोत वाढतो. काचेसाठी हीटरसोबत एसी चालू ठेवतो आणि हवा बाहेरून घेतो. एसी ओलावा काढून घेतो, म्हणून बाष्प पटकन जातं.

हे सगळं होऊन आता काही महिने झाले. टाकीतल्या कूलंटची पातळी तिथेच आहे, आणि मला गरम हवेपेक्षा याचं समाधान जास्त आहे. पातळी घटत असती तर कुठेतरी गळती किंवा हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलचा, खर्च पुढे उभा होता. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा भर उन्हाळा असला तरी हीटर फुल करून बघा. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. गेल्यावर बॉनेटला हात लावून ते थंड आहे ना बघा, रेडिएटरचं झाकण काढून खालची बाजू बघा, आणि गाडी फिरवून आणल्यावर दोन्ही पाइप चाचपा.