दीडशे लिटरची डिझेल टाकी: नऊ महिने वापरल्यावर

पिकअपची मूळची 80 लिटरची प्लास्टिकची टाकी उतरवून तिथे 150 लिटरची लोखंडी टाकी बसवून नऊ महिने झाले. गाडी तेव्हापासून 31,000 किलोमीटर चालली आहे, बहुतेक वेळा हौद्यात मधमाश्यांच्या पेट्या घेऊन.

पेट्यांचा उल्लेख करते, कारण टाकी त्यांच्यासाठीच बदलली. माश्या रात्री हलवाव्या लागतात. अंधार पडला की बाहेर गेलेल्या माश्या पेटीत परततात, मग दारावर जाळी ठोकून निघायचं. गाडी पळत असते तोवर पेट्यांना वारा लागतो. थांबलं की आत उष्मा साठतो. त्यात पंपाच्या झगझगीत दिव्याखाली थांबलं तर एखाद्या फटीतून सुटलेल्या माश्या सरळ उजेडाकडे जातात, म्हणजे नोझल धरून उभ्या असलेल्या माणसाकडेच. रिकामी गाडी घेऊन 300 किलोमीटर जायचं, पेट्या भरायच्या, रात्रीत पुढे 500 जायचं, हा माझा नेहमीचा फेरा. पेट्या उचलते तिथे जवळपास पंप नसतो. भरलेल्या गाडीला लिटरमागे 9 आणि रिकामीला 11 किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज मिळतो, म्हणजे जुन्या टाकीवर पहाटे तीनच्या सुमारास थांबणं आलंच. ते थांबणं आता बंद झालं आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही टाकी पुन्हा बसवेन.

पण टाकीवर लिहिलेल्या 150 वर विसंबू नका. बसवल्यावर आम्ही फिल्टरकडे जाणारी नळी एका कॅनमध्ये सोडली आणि रिकाम्या टाकीत मापाने डिझेल ओतत गेलो. सात लिटर पडेपर्यंत टाकीतला पंप काही उचलेना. तेवढं डिझेल तळाशी राहणार, ते कधीच आपलं नाही. वरच्या बाजूला डिझेल तापून फुगायला जागा सोडावी लागते. दर अंशाला ते साधारण 0.08 टक्का फुगतं. जमिनीखालच्या गार साठ्यातून काठोकाठ भरलं आणि गाडी उन्हात उभी केली, की 20 अंशांच्या फरकाने सव्वादोन-अडीच लिटर जास्तीची जागा मागतात. मी 144 वर हात थांबवते. खरोखर वापरता येतात 137 लिटर.

तेच माप घेताना डॅशबोर्डवरच्या डिझेलच्या काट्याचीही परीक्षा झाली. दहा-दहा लिटरचा कॅन ओतायचा, चावी फिरवायची, काटा कुठे आला ते वहीत लिहायचं. फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगून काट्याला पातळी कळवणारा तरंगा, जुन्या टाकीचाच आहे आणि नवी टाकी त्याहून उंच. शंभराव्या लिटरला काटा फुलवर जाऊन टेकला, पुढचे 44 त्याला कळलेच नाहीत. रस्त्यावर याचा अर्थ असा की पहिले 400 किलोमीटर काटा जागचा हलत नाही, आणि मग हलायला लागतो. अर्ध्यावर आला तेव्हा आत 52 लिटर असतात, पण डॅशबोर्डवरचा हिशेब 40 धरूनच चालतो. लाल दिवा लागतो 17 वर, त्यातले 7 पंपाच्या आवाक्याबाहेरचे. हा तक्ता मी सन व्हायझरला चिकटवून ठेवला आहे आणि दर फुल टाकीला ट्रिप मीटर शून्यावर आणते. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनात, हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, म्हणून टाकी कोरडी पडू देणं महागात जातं. बसवून झाल्यावर एक संध्याकाळ या मापासाठी राखून ठेवा.

बसवताना दोन चुका झाल्या. पहिली ब्रीदर पाइपची. टाकीतली हवा बाहेर जायची ही बारीक नळी चासीच्या आडव्या पट्टीमागे मुरगळली होती. पंपावर गेले, तर दर चार-पाच लिटरला नोझल खट्कन बंद. हवा निघत नाही म्हणून डिझेल गळ्याशी चढतं आणि नोझलला वाटतं टाकी भरली. ती फुल करायला पंचवीस मिनिटं लागली. नळी थोडी लांब घेऊन मोठ्या वळणाने फिरवली, आता पूर्ण दाबाने भरता येतं. दुसरी चूक टाकीतल्या पंपाच्या झाकणाखालच्या रबरी रिंगची. मिस्त्रीने जुनीच परत बसवली. डिझेलमध्ये राहून फुगलेली रिंग खाचेत नीट बसत नाही. अर्ध्या टाकीला काही दिसलं नाही, पण फुल टाकीने चढावर गाडी उभी केली तेव्हा मागे वास आला. हात घातला तर टाकीच्या डोक्यावर ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ. नवी रिंग टाकल्यावर ते थांबलं. रिंग टाकीसोबतच मागवा.

वजनाचं कुणी आधी सांगत नाही. जास्तीचे 70 लिटर म्हणजे साधारण 59 किलो, आणि लोखंडी टाकी मूळच्या प्लास्टिकच्या टाकीपेक्षा जड. वजनकाट्यावर फुल टाकीचा फरक 80 किलो आला. माझ्या हिशेबात मधाने भरलेल्या दोन पेट्या कमी. गाडीची वजनमर्यादा टाकीसोबत वाढत नाही, म्हणून त्या दोन पेट्या मी मागे ठेवते. ॲव्हरेजमध्ये मात्र वेगळा काढता येईल असा फरक दिसला नाही.

टाकीच्या आत आडवे पडदे आहेत का, हे घेण्याआधी नक्की विचारा. अर्ध्या भरलेल्या मोठ्या टाकीत वळणावर डिझेल एका अंगाला धावतं. माझ्या टाकीत दोन पडदे आहेत, ब्रेक मारल्यावर मागून ढकलल्यासारखं होत नाही. जमिनीपासूनची उंची 4 सेंटिमीटरने कमी झाली. शेताच्या बांधावर एकदा घासली, तळाला ओरखडा आहे, पोचा नाही. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणारा फिरता दांडा, त्याच्यापासूनचं अंतर गाडी भरलेली असताना मोजा, कारण स्प्रिंगचे पाटे दबले की शाफ्ट जागा बदलतो.

पावसाळी हवेत एक सवय लावून घेतली आहे. मोठी टाकी रिकामी राहिली की तिच्यात दमट हवाही तेवढीच जास्त, रात्री तिच्यातला ओलावा आतल्या पत्र्यावर थेंब होऊन जमतो आणि पाणी तळाला बसतं. दर पंधरा दिवसांनी वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत थोडं काढते. आतापर्यंत दोनदा तळाशी पाण्याचा थेंब दिसला, वर डिझेल, मधे स्वच्छ रेघ. हंगाम नसताना गाडी दीड महिना उभी होती, तेव्हा टाकी भरून ठेवली होती आणि त्या वेळी बरणीत पाणी आलं नाही.

गाडीत असा बदल करण्याआधी नोंदणीचे आणि विम्याचे नियम वाचून घ्या. आणि हे सगळं डिझेलपुरतंच. पेट्रोल गाडीत वाफेसाठी वेगळी बंद व्यवस्था असते, तिथे हा अनुभव लागू होत नाही.

येत्या आठवड्यात टाकीचे पट्टे पुन्हा कसून घेणार आहे. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ते अर्धा फेरा सैल झाले होते, त्यानंतर तपासले तेव्हा घट्ट होते.