मका-पेलेट स्टोव्ह: एका हिवाळ्याचा अनुभव आणि एका नळीची तक्रार

मका किंवा लाकडी पेलेट (दाबून केलेल्या भुशाच्या कांड्या) जाळून घर तापवणारा स्टोव्ह किती बीटीयूचा (उष्णतेचं माप), हॉपरमध्ये (जळणाच्या टाकीत) किती पौंड माल मावतो, हे सगळं पत्रकात छापलेलं असतं. ज्यांना घ्यायचाय त्यांनी ते वाचलेलंच असणार. मी लिहितेय ते पत्रकात नसलेल्या एका गोष्टीबद्दल, कारण तिच्यापायी ऐन जानेवारीत आमचं घर गार पडलं.

आम्ही आयोवात, सीडर रॅपिड्सच्या जरा बाहेर राहतो. जानेवारी २०२४ मध्ये, कॉकसच्या (अध्यक्षपदाचे उमेदवार निवडायच्या पक्षसभांच्या) आधीच्या त्या दोन-तीन दिवसांत, वारा धरला तर उणे तीस फॅरनहाइटच्याही खालची थंडी होती. नेमका तेव्हाच स्टोव्ह बंद पडायला लागला. पेटायचा, थोडा वेळ छान जळायचा, मग ऑगर (हॉपरमधला माल जाळापर्यंत ढकलणारा फिरता स्क्रू) थांबायचा, जाळ खाली बसायचा आणि पडद्यावर हवेच्या दाबाचा एरर यायचा.

या स्टोव्हमध्ये धूर ओढणारा ब्लोअर सतत चालू असतो. त्यामुळे आतला दाब खोलीतल्यापेक्षा कमी राहतो आणि धूर घरात न येता बाहेर जातो. दाब पुरेसा कमी आहे की नाही हे व्हॅक्यूम स्विच बघतो आणि असेल तरच ऑगरला वीज मिळते. दार नीट लागलं नाही, दाराचं गॅस्केट (कडेची सीलपट्टी) सैल पडलं, धुराडं तुंबलं, की माल पडणं बंद. हे योग्यच आहे, कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नको. पण स्विचला हा दाब कळतो तो सिलिकॉनच्या एका बारीक नळीतून. ही नळी ज्या टोटीवर बसते तिचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि ती टोटी ठेवलीय बरोबर राखेच्या वाटेवर, ब्लोअरच्या घराला चिकटून. बाजूचं पॅनल काढल्याशिवाय ती दिसतसुद्धा नाही. मॅन्युअलमध्ये बर्न पॉट (ज्यात माल जळतो ते भांडं) रोज खरवडा, राखेचा ट्रे रिकामा करा, धुराडं साफ करा, सगळं आहे. या टोटीबद्दल एक अक्षर नाही.

दुकानाचा माणूस आला. त्याने स्विच बदलला. येण्याचे पैसे वेगळे, स्विचचे वेगळे, कारण राखेमुळे झालेला बिघाड म्हणे वॉरंटीत बसत नाही. आठवडा सरायच्या आत पुन्हा तोच एरर. फोन केला तर म्हणाले, आता कंट्रोल बोर्ड बदलावा लागेल. बोर्डाची किंमत ऐकली, फोन ठेवला आणि स्टोव्हचा प्लग काढून पॅनल मीच उघडलं.

जुना स्विच मी त्या माणसाकडून मागून घेतला होता. त्याला नळीचा तुकडा लावून तोंडाने हलकेच हवा ओढली. टक् असा स्वच्छ आवाज आला. मल्टिमीटर लावून पाहिलं, सर्किट जुळत होतं. म्हणजे ठणठणीत स्विच काढून आमच्याकडून नव्याचे पैसे घेतले होते! याचा राग अजून गेलेला नाही. टोटीवरून नळी काढली तर भोकात वस्त्रगाळ राख गच्च बसलेली, वरच्या कडेला धुराच्या ओलीने तिचा खडा झालेला. पाइप क्लीनर आतबाहेर केला, नळी फुंकून मोकळी केली, परत बसवली. त्या रात्री स्टोव्ह पहाटेपर्यंत अखंड चालला.

तुम्ही हे करणार असाल तर नळी स्विचवरून सोडवूनच फुंका. स्विचच्या दिशेने फुंकलं तर आतला पातळ पडदा जाऊ शकतो. स्विच वगळून त्याच्या दोन्ही तारा थेट जोडून टाका असा सल्ला देणारे बरेच भेटतात. स्विच गेलाय का हे बघायला समोर उभं राहून मिनिटभर तसं करणं वेगळं, पण तसाच ठेवून कोणी झोपू नये. गॅस्केटसाठी डॉलरची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून हवा शिरतेय.

आता मक्याबद्दल. स्टोव्ह घेतला तोच मक्यासाठी. हिशोब सरळ आहे: एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, पौंडाला साधारण ७,००० बीटीयू, म्हणजे बुशेलमागे ३ लाख ९० हजारांच्या आसपास. आमची घर तापवायची फर्नेस प्रोपेनवर चालते, आणि प्रोपेनच्या गॅलनमध्ये ९१,५००. म्हणजे एक बुशेल सव्वाचार गॅलनला भारी. शेजारच्या शेतकऱ्याकडून मका बुशेलला साडेचार डॉलरच्या आत मिळाला, आणि आम्ही प्रोपेन भरला गॅलनला पावणेदोनच्या दराने. फर्नेस जुनी आहे, त्यामुळे दोन्हींची कार्यक्षमता जवळपास सारखी धरायला हरकत नाही.

डिसेंबरात मात्र मी मक्याला वैतागले होते. मक्याच्या राखेत पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त, ती लवकर वितळते आणि बर्न पॉटमध्ये खंगर धरते. सकाळी पाहावं तर काचेसारखा चकाकणारा काळा-करडा गोळा तळाला चिकटलेला, हवेची भोकं बुजलेली. शिवाय दाण्यांबरोबर येणारं लाल फोलपट ऑगरमध्ये अडकायचं. तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. तिने गॅरेजमध्ये बसून दोन गोण्या पाखडून दिल्या, आणि पाखडलेल्या मक्याने ऑगर एकदाही अडला नाही. आता मी चाळणीने चाळते, पण तिच्या सुपाइतकं स्वच्छ होत नाही.

खंगरावर दोन उपाय लागू पडले. एक, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा, हॉपरभर मक्यात मूठभर. त्यातल्या कॅल्शियममुळे राख सहजी वितळत नाही. दुसरा, मक्यात निम्मे लाकडी पेलेट. पेलेट घेताना पिशवीवर पीएफआय (पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट) प्रीमियम लिहिलेलं बघा, त्यात राख १ टक्क्याच्या आत असते. आणि मका १५ टक्क्यांपेक्षा ओला अजिबात घेऊ नका, १३ असेल तर उत्तम.

इथवर लिहून ठेवलं होतं तेव्हा शेवटी “घेऊ नका” असंच लिहायचं ठरवलं होतं. फेब्रुवारी-मार्चने मत बदललं. निम्मं-निम्मं मिश्रण सुरू केल्यापासून टोटी तुंबायचं प्रमाण खूप उतरलं. नुसत्या मक्यावर दर पंधरवड्याला बघावी लागायची, आता धुराडं झाडते तेव्हाच पाइप क्लीनर फिरवते आणि पुरतं. घरात ऊब अशी की पोरं मोजे काढून स्टोव्हसमोर अभ्यासाला बसतात. प्रोपेनचा ट्रक त्या हिवाळ्यात एक खेप कमी आला. म्हणून स्टोव्हबद्दलची नाराजी मागे घेते. टोटीच्या जागेबद्दलची नाही. ती बाहेरून दिसेल अशी दोन इंच वर घेतली असती तर काय बिघडलं असतं?

विजेचं तेवढं लक्षात ठेवा. वीज गेली की ब्लोअर थांबतो आणि धूर घरात येऊ शकतो. १० ऑगस्ट २०२० च्या डेरेचोनंतर (सरळ रेषेत झोडपणाऱ्या मोठ्या वादळानंतर) इथे कित्येक घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तसं हिवाळ्यात झालं तर काय, म्हणून आम्ही बॅटरी आणि प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर जोडून घेतला. चालू स्टोव्हला वीज कमी लागते, पेटवताना इग्नायटर (जाळ पेटवणारी विजेची कांडी) जास्त खातो, त्याप्रमाणे बॅटरी निवडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच. राख ओढायला घरातला साधा व्हॅक्यूम वापरू नका, निखारा आत गेला तर पेट घेईल.

दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याला पॅनल काढायला लावा आणि व्हॅक्यूम स्विचची नळी कुठे जाते ते बोट ठेवून दाखवायला सांगा. टोटीपर्यंत तुमचा हात पोचत नसेल तर दुसरं मॉडेल बघा, पन्नास-शंभर डॉलर जास्त पडले तरी.