अडीच आणि चार एमएमची तांब्याची वायर : परभणीतील उन्हाळ्यानंतरचा अनुभव

परभणीतील आमच्या स्लॅबच्या घराचे वायरिंग उन्हाळ्याच्या तोंडावर नव्याने करून घेतले. प्लगसाठी अडीच एमएम आणि एसी व गीझरसाठी चार एमएम (म्हणजे तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये) अशी एफआर प्रकारची, म्हणजे सहजी पेट न घेणाऱ्या आवरणाची तांब्याची वायर वापरली. आता पावसाळाही सरला आहे, त्यामुळे तिच्याविषयी खात्रीने लिहितो.

‘अडीच एमएम म्हणजे वीस अँपिअर’ असे दुकानात सर्रास सांगितले जाते. आकडा खोटा नाही, पण त्यामागे अटी आहेत. पीव्हीसी आवरणातील तांबे ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये आणि भोवतालची हवा ४० अंश असावी, असे धरून तो सहसा काढलेला असतो. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच पारा बेचाळिशी ओलांडतो. मग दिवसभर तापलेल्या स्लॅबमधील पाइपात ५० अंश धरणेच योग्य. तापायला उरलेला वाव तिसांवरून वीस अंशांवर येतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने क्षमता सुमारे ८२ टक्के, म्हणजे साडेसोळा अँपिअरच्या आत राहते. त्याच पाइपातून दुसरे भाराचे सर्किट ओढले, तर साधारण तेराच उरतात. अशा वायरीवर वीस अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) मला मुळीच मान्य नाही, कारण तो २९ अँपिअरलाही पडायला तासभर घेऊ शकतो आणि तोवर आवरण भाजत राहते. म्हणूनच एसीला स्वतंत्र पाइप, चार एमएम वायर आणि सोळाचा एमसीबी असा आग्रह धरला.

भर दुपारी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) लावला, तेव्हा दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेत होता आणि नंतर मेन बंद करून बोर्ड उघडला, तर वायर हाताला कोमटही लागली नाही. गीझरच्या बोर्डाची प्लेट मात्र एकदा चांगलीच गरम झाली होती. सॉकेटचा स्क्रू ढिला होता, त्या टोकाशी आवरण पिवळसर पडले होते, पण बोटभर मागे वायर नव्यासारखी होती. टोक कापून, नव्याने सोलून स्क्रू घट्ट आवळल्यावर तक्रार उरली नाही. वायर तापली म्हणून ती बदलण्याआधी जोड तपासावा, असे मी आवर्जून सांगेन.

उणीव एकच : चार एमएमची वायर उथळ बॉक्समध्ये वळत नाही, दाबून बसवली की स्क्रूवर ताण येतो. त्यामुळे एसी-गीझरच्या जागी खोल बॉक्स गिलाव्याआधीच बसवून घ्यावेत.