नव्या टाकीतल्या रोपांचं खत: पाण्यात, मुळाशी की तळाच्या मातीत?

माशांची टाकी लावून आठवडा होत नाही तोच तिच्यातल्या क्रिप्टोकोरीन (क्रिप्ट) या पाणवनस्पतीची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळायला लागतात आणि हात खताच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. ही रोपं बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात आल्यावर जुनी पानं सोडून नवी काढतात. ती उपासमारीमुळे गळतात असं नाही. मुळं शाबूत असली की काही आठवड्यांत मधोमध बारीक कोंब दिसतो. खताचा विचार तेव्हा करावा.

पाण्यात घालायच्या लिक्विड खताचा मोठा गुण म्हणजे चूक निस्तरता येते: जास्त पडलं तर निम्मं पाणी बदला. अनुबियास, जावा फर्न, मॉस यांना तर हेच लागतं, कारण ती लाकडादगडाला धरून वाढतात, वाळूत पुरलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पण नव्या टाकीत रोपं अजून फारसं उचलत नाहीत. त्यात दिवा दहा-बारा तास चालू असेल तर फावतं शेवाळाचं. म्हणून पाव मात्रेने सुरुवात करा, दिवा सहा ते आठ तास ठेवा. लेबल जरूर वाचा. काही बाटल्यांत नायट्रोजन आणि फॉस्फरस मुळीच नसतात. मासे असलेल्या टाकीत त्याने सहसा अडत नाही, ते माशांच्या विष्ठेतून आणि खाद्यातून मिळतात.

रूट टॅब म्हणजे मुळाशी पुरायची खताची गोळी. ती ॲमेझॉन स्वोर्ड, क्रिप्ट, व्हॅलिसनेरिया या रोपांसाठी, तेही तळाला साधी वाळू किंवा खडी असेल तर. गोळी लांब चिमट्यात धरून मुळांजवळ खोल दाबायची, चिमटा हळूच मोकळा करून बाहेर काढायचा. दोन गोळ्यांत 10-15 सेंटिमीटर अंतर पुरतं. मांडणी अजून बदलायची असेल तर मात्र थांबा. रोप उपटलं की अर्धवट विरघळलेली गोळी वर येते आणि सगळं पाण्यात मिसळतं.

ॲक्वासॉइलमध्ये, म्हणजे टाकीच्या तळाला घालायच्या खास मातीत, खत आधीच असतं, रोपं त्यात झपाट्याने मुळं धरतात. पण सुरुवातीचे काही आठवडे त्यातून अमोनिया सुटू शकतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासे सोडायचे नाहीत, पाणी वरचेवर बदलायचं. एवढा धीर असेल तर माझी पसंती यालाच.

खडी आधीच भरलेली असेल तर ती काढत बसू नका. मुळांवर जगणाऱ्या रोपांखाली टॅब, बाकीच्यांसाठी थोडं लिक्विड, एवढ्यावर भागतं. बागेचं खत मात्र टाकीत नको. त्यातला युरिया किंवा अमोनियम माशांच्या जिवावर बेतू शकतो.

मात्रा वाढवायची का, हे पानांवरून पाहा. जुनी पानं पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम. नवी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह.