डीजेची तक्रार: घड्याळ दाखवून की डेसिबल मोजून?

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये तक्रारीला दोन आधार आहेत. पहिला घड्याळाचा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तेव्हा आज सूट आहे का ते आधी बघा. एरवी साडेदहाला 112 फिरवलात तर आकडा सांगायची गरजच नाही.

दुसरा आधार डेसिबलचा. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45; शांतता क्षेत्रात (रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा जाहीर परिसर) 50 आणि 40. पण दिवसाची तक्रार मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त आवाज असेल तरच टिकते, म्हणजे घराजवळ 65. आणि तो मोजायचा कसा? मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक. माइक बोलण्यासाठी बनवलेला, त्यामुळे डीजेचा खालचा ‘धडधड’ आवाज त्यात नीट येईलच असं नाही. प्रमाणित मीटर अधिकाऱ्यांकडे असतो, तो येईपर्यंत मिरवणूक पुढच्या चौकात!

म्हणून रात्री मी घड्याळच निवडेन. रोज दुपारी चालणाऱ्या कारखान्याच्या किंवा जनरेटरच्या आवाजाला मात्र मीटरच हवा. तो आवाज कुठे पळून जात नाही.