प्रिंटएफ हव्या त्या युआर्टवर: राइट फंक्शन की एसएनप्रिंटएफ?

मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवर दोन युआर्ट (सिरियल पोर्ट) आहेत आणि सी भाषेतल्या प्रिंटएफचा मजकूर त्यातल्या एकावरच हवा आहे. मग न्यूलिबचं (छोट्या बोर्डांवरची सी लायब्ररी) राइट फंक्शन, ज्यातून प्रिंटएफचा मजकूर बाहेर जातो, ते स्वतः लिहायचं, की एसएनप्रिंटएफने बफर (मजकुराची तात्पुरती जागा) भरून तो हाताने पाठवायचा?

मेहनत पहिल्यात कमी. पाच-सहा ओळी लिहिल्या की जुन्या कोडमधले सगळे प्रिंटएफ आपोआप वळतात.

पोर्ट निवडायला मात्र दुसरा मोकळा: प्रत्येक वेळी वेगळा पोर्ट देता येतो. पहिल्यात राइटला मिळणाऱ्या फाइल क्रमांकावरून पोर्ट ठरवून भागवावं लागतं, १ म्हणजे एसटीडीआउट (नेहमीचा मजकूर), २ म्हणजे एसटीडीएरर (चुकांचे संदेश). दोनच पोर्ट असतील तर तेवढं पुरतं.

खाचखळगे दोन्हीकडे. पहिल्यात ओळीच्या शेवटी न्यूलाइन नसेल तर मजकूर बफरमध्येच अडकू शकतो. सेटव्हीबफने बफरिंग बंद करा. दुसऱ्यात एसएनप्रिंटएफ 'लागली असती ती' लांबी परत देतं, बसली ती नव्हे. तेवढे बाइट तसेच पाठवले की बफरपलीकडचा कचरा बाहेर! (हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.)

वेगात फरक नाही. ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एका बाइटला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागणारच.

डीबग लॉग किंवा दुसऱ्याची लायब्ररी असेल तर राइट. पोर्टनिहाय वेगळे संदेश किंवा डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर) असेल तर एसएनप्रिंटएफ. इंटरप्टमध्ये (हार्डवेअरच्या इशाऱ्यावर मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) दोन्ही नकोत.